मिशीचा शेवटचा फोटो

मायलिसचा सिनेमा हलत नव्हता. म्हणजे तो हलायचाच नव्हता! एकामागून एक फोटो, गप्प उभे, आणि त्यांवर पापेंचा, तिच्या आजोबांचा, आवाज. अंजिराच्या झाडावरून भांडलेले दोन शेजारी शेवटी समेट करतात, एवढीच गोष्ट. एक शेजारी पापे. शेजारीण झाल्या होत्या टपाल कचेरीतल्या मादाम ओदिल. शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये अख्खं गाव बघायला येणार होतं.

घोडं अडलं शेवटच्या फोटोपाशी. समेट झाला की दोघांनी चारचौघांसारखे गालाचे मुके घ्यायचे, असं ठरलेलं. आता आपण फ्रान्सच्या दक्षिणेतली माणसं डाव्या गालापासून सुरुवात करतो, हे शेंबडं पोरही जाणतं. ओदिलबाई मात्र उत्तरेच्या. गावात येऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांची मान आधी भलतीकडेच वळायची. दोघं पुढे झुकले, नाकं आपटली, आणि नेमकं तेव्हाच मायलिसने बटण दाबलं. फोटोत जे दिसत होतं त्याला गाल म्हणायला फार मोठं मन लागलं असतं.

बरं, पुन्हा काढावा, तर पापेंनी दुसऱ्याच दिवशी मिशी उडवलेली! बाकी सगळ्या फोटोंत ती झुबकेदार, मेण लावलेली, रुबाबदार.

"पापे, मिशी कुठाय?"

"उकडत होतं," पापे म्हणाले. नोव्हेंबरात!

आणि तो फोटो वगळला तर समेटच नाही, म्हणजे सिनेमाला शेवटच नाही. मायलिस रडकुंडीला आली. शेवटी ओदिलबाईंनीच तोडगा काढला. "फोटो राहू दे, पण खुलासा हवा हं. नाहीतर सोमवारी टपालाच्या खिडकीत बसून मी कुणाला तोंड दाखवू?"

मग पापे कोटांच्या कपाटात शिरले (तिथे आवाज घुमत नाही) आणि खुलासा रेकॉर्ड करून बाहेर आले.

शुक्रवारी ओदिलबाई ऐकायला आल्या. पडद्यावर तो फोटो. वर पापेंचा आवाज: "मंडळी, इथे जे दिसतंय ते तसं नाही. उत्तरेकडे उजवा गाल, आपल्याकडे डावा. त्यात त्या दिवशी वारा सुटलेला. त्यात आमच्या घराण्याची नाकं…" पापेंचे वडील आले, काका आले, काकांचं नाक आलं. फोटो आपला तिथेच.

"अगं, पुढे सरकव ना तो!" पापे कळवळले.

"कसा सरकवू? बोलणं संपेपर्यंत फोटो राहतो. खुलासा जितका लांब, तितका मुका लांब!"

पापे लालेलाल झाले. आणि लपायला आता मिशीही नव्हती.

"काढून टाक तो खुलासा," ते पुटपुटले.

ओदिलबाई पडद्याकडेच बघत होत्या. "इतकं सगळं सांगितलंत मस्यू, पण मिशी टोचली असं मी म्हणाले होते, ते बरं गाळलंत?"

हात्तिच्या! उकडत होतं म्हणे!

मायलिसने ओठ घट्ट दाबून हसू गिळलं आणि अगदी दिग्दर्शकाच्या गंभीर आवाजात विचारलं, "मग मादाम, खुलासा ठेवू की काढू?"

"ठेव," ओदिलबाईंनी पर्स उचलली. "फक्त यांना पुन्हा कपाटात बसव, आणि म्हणावं, जरा सावकाश बोला."