शब्बाथला वाजलेला पाटा

मी एक जुना पाटा आहे, मित्रांनो, आणि माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही.

माझा जन्म यहूदाच्या डोंगरातला. यरुशलेम जळालं, बाबेलच्या शिपायांनी माणसं हाकलत नेली, तेव्हा एका बाईनं मला पाठीवर बांधलं. चार महिने चालली बिचारी. तिचं बोट धरून तिची लहानगी हामुतल चालत होती.

बाबेलात नुसता चिखल. घरं मातीची, कालवे मातीचे, दगड औषधालाही नाही. त्यामुळे माझा भाव वाढला. पुढे हामुतलचा मुलगा नेर्या पाहुण्यांना मला दाखवायचा. "हा आमच्या डोंगरातला दगड!" या पठ्ठ्यानं उकिरड्यापेक्षा उंच टेकाड पाहिलं नव्हतं. आणि माझ्यावर सातू दळायची कोण? त्याची बायको नुप्ताया, बाबेलचीच लेक.

हामुतलनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "शब्बाथला, म्हणजे आपल्या विसाव्याच्या दिवशी, पाटा वाजायचा नाही, चूल पेटायची नाही. आदल्या दिवशी दुप्पट दळायचं." नुप्तायानं ते बारा वर्षं पाळलं. आमच्या वस्तीत यहूदी घर कोणतं, हे त्या दिवशीच्या शांततेवरून कळायचं.

मग नव्या राजाचा हुकूम आला, की यहूदी माणसांनी खुशाल यरुशलेमला परत जावं. हामुतल हमसून हमसून रडली. एकोणपन्नास वर्षं ती म्हणत होती, "मरेन तर तिकडंच." पण जाणाऱ्यांची यादी करायची होती, आणि यादी आली की शहाणे जमतातच. यादीवाले चौघे घरी मुक्कामाला येणार म्हणून नुप्तायानं दळून-भाजून ठेवलं, आणि शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी यादी लिहिणाऱ्या अझरेलसोबत नऊ जण येऊन टेकले. रात्रीतच टोपली रिकामी झाली.

सकाळी नेर्या कुजबुजला, "अगं, थोडं दळ. हळूच. कुणाला ऐकू जातंय?"

"आज शब्बाथ आहे."

"मला शिकवतेस? नाव लागायचंय आपलं!"

"म्हणूनच नाही दळणार," नुप्ताया म्हणाली.

मग स्वतःच बसला माझ्यावर. खर्र, खर्र! जन्मात कधी दगड धरला नव्हता. अर्धे दाणे तसेच राहिले. चूलही त्यानंच पेटवली. बाहेर अझरेल खाकरला आणि मोठमोठ्यानं धर्माबद्दल बोलू लागला. शब्बाथच्या सकाळी समोर गरम भाकरी आली, तर एकानंही विचारलं नाही, कशी आली म्हणून. सगळ्यांनी हादडली. शी!

दुसऱ्या दिवशी अझरेल यादी घेऊन बसला.

"नेर्या, लिहिलं. बाई, तुझा बाप कोण?"

"इद्दिना. खजुराच्या बागेला पाणी द्यायचा."

"म्हणजे परकी. हिचं नाव नाही घेता येणार. आपल्या चालीरीती हिला काय कळणार?"

नेर्या आपल्या वहाणांकडे बघत बसला. नेभळट!

कोपऱ्यातून हामुतल म्हणाली, "अझरेल, कालची भाकरी गरम होती की गार?"

अझरेलनं यादीत डोकं घातलं.

"गरम होती. माझ्या लेकानं दळली आणि तुम्ही गिळली. ही पोर पाट्याला शिवलीसुद्धा नाही. आता सांग, चालीरीती कुणाला कळतात?"

"काकू, तुम्ही कशाला मनावर घेता? तुमचं नाव तर सगळ्यात वर आहे. यरुशलेम डोळ्यांनी पाहिलेल्या या वस्तीत तुम्ही एकट्याच उरलात."

"मग वरचं नाव खोड."

"आई, वेड लागलंय का तुला?" नेर्या ओरडला.

"तू जा बाबा. तुझं नाव आहे ना!"

आणि गेला की हो! जाताना मला गाढवावर चढवत होता, तिकडं मिरवायला. हामुतलनं माझ्यावर हात ठेवला. "राहू दे. तिकडं दगडांना तोटा नाही." जन्मभर ज्या वाटेची वाट पाहिली, त्या वाटेनं लेक दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग आत आली, आणि सातू निवडणाऱ्या नुप्तायाशेजारी बसली.

आता तुम्हाला वाटेल, हा पाटा म्हणेल, मला जपा. छे! दगडाला काय होतंय? तुम्ही आपले तुमच्या याद्या करा, कोण आपलं, कोण परकं. फक्त त्याआधी, तोंडातला घास गिळायच्या आत, तो दळला कुणी एवढं विचारा.