उलटं झालेलं शिंग

बाईंचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लागून इतका वेळ झाला होता की शेजारी उभ्या त्यांच्या विद्यार्थिनीला स्वतःचा श्वाससुद्धा आगाऊ वाटू लागला. नमुना बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून पापुद्रे कापून देणारे प्रयोगशाळेतले काका खिडकीशी पातं पुसत होते.

काचपट्टीवर बिनशंखाच्या गोगलगाईच्या शिंगाचा काप होता, केसाहून पातळ. शेजारी तिने सहा महिने खपून काढलेलं चित्र: निष्पर्ण झाडासारखे फुटत गेलेले मज्जातंतू, प्रत्येकाच्या टोकाशी इवलंसं बोंड आणि बोंडावर लव. ही टोकं जगाकडे नव्हे, शिंगाच्या पोकळीकडे वळलेली होती. हा जीव आपल्याच अंतरंगाचा गंध घेतो, असा तिचा शोध होता. आईला तर तो फोनवर सांगूनही झाला होता.

बाईंना पटलेलं चित्र व्हरांड्यातल्या फळ्यावर लागे; न पटलेलं कपाटाच्या तळच्या खणात जाई. तो खण गच्च भरला होता.

"शिंग कापताना काय झालं होतं?" मान वर न करता बाईंनी विचारलं.

"चिमटा लागला आणि गोगलगाईने ते आत ओढून घेतलं. मग मी तिथल्या कातडीसकटच कापलं."

काका खोकले. "मोजा ओढून काढला की कसा उलटा होतो, पोरी? शिंगाचंही तेच. तू सहा महिने उलटा मोजा रंगवलास."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग तेव्हाच का नाही बोललात, काका?"

"माझ्याकडे नुसता ठोकळा येतो. आतली गोगलगाय लाजली होती की नाही, ते त्यावर लिहिलेलं नसतं."

बाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी पेन्सिल उचलली आणि चित्रावरचे 'आत' व 'बाहेर' हे दोन शब्द खोडून एकमेकांच्या जागी लिहिले.

"शोध गेला तुझा," त्या म्हणाल्या. "पण ही लव बघ. ताणलेल्या शिंगावरची धुताना निम्मी झडते. ही घडीत दडून बसली म्हणून एकूण एक शाबूत राहिली. वीस वर्षांत इतकं देखणं टोक माझ्या हाती लागलेलं नाही."

"आईला काय सांगू आता?"

"गोगलगाईने फसवलं म्हण," काका म्हणाले. "पळून तर नक्कीच गेली नव्हती."

तीही हसली, पण नजर त्या तळच्या खणावरून हलेना. "बाई, हे चित्र मग कुठे जाणार?"

बाईंनी चित्राची सुरळी काखेत मारली, काकांच्या टेबलावरच्या चार टाचण्या उचलून ओठांत धरल्या आणि त्या व्हरांड्याकडे चालू लागल्या.