मागची सीट

"विमान कुठंय?" मास्तरांनी पुन्हा विचारलं.

टेबलापलीकडचा टायवाला हसला. "दाखवतो ना, सर. आधी फीचं बोलून घेऊ."

"फीचं नंतर. आधी विमान."

शेजारी बसलेल्या बारकीने टेबलाखालून वडिलांच्या पायाला हळूच पाय लावला. घरून निघताना तिने बजावून सांगितलं होतं, की बाबा, आज तरी भांडू नका. कारण विमान शिकवणारी आधीची दोन कॉलेजं मास्तरांनी भांडूनच सोडली होती. पहिल्या कॉलेजात काचेच्या खोलीतल्या बाईंनी फीचा आकडा तोंडाने उच्चारायचेही कष्ट घेतले नाहीत. गुळगुळीत कागदावर लिहून तो पुढे सरकवला आणि विचारलं, "कर्जासाठी तारण काय आहे?" मास्तर म्हणाले, "मी आहे. ठेवून घ्या." दुसऱ्या कॉलेजात तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की ड्रायव्हर लोकांनी पार्किंगमध्ये थांबायचं, साहेब आणि मॅडम आत जातील. साहेब कोणी नव्हतेच. आणि मास्तर एका अर्थाने ड्रायव्हरच होते, त्यामुळे राग अधिकच आला.

मास्तर मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नोकरीला होते. गाडी मालकाची, बोर्ड मालकाचा, शिव्या खायला तेवढे मास्तर. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि मास्तरांचा उजवा पाय अर्धं आयुष्य त्या ब्रेकवरच गेला होता. समोर काही आडवं आलं की शिकणाऱ्याला ते दिसायच्या आत मास्तरांचा पाय दाबला जायचा. जेवताना बायकोने आमटी जरा भरकन वाढली तरी पाटावर बसल्या बसल्या त्यांचा पाय दाबला जातो, असं ती चारचौघांत सांगायची.

त्यांच्या मुलीला विमान चालवायचं होतं. लहानपणी सगळीच पोरं तसं म्हणतात आणि मग विसरतात. ही विसरली नाही. डोळे तपासून आली, कान तपासून आली, गणित आणि फिजिक्सला घासून चांगले मार्क आणले, आणि एके दिवशी कॉलेजांची नावं घेऊन बापासमोर उभी राहिली. त्यातलं हे टायवाल्याचं सगळ्यात स्वस्त. आणखी एक होता, शहराबाहेरचा जुना फ्लाइंग क्लब. तिथे मास्तरांनी फोन केला, तेव्हा कुणी कॅप्टन खेकसल्यासारखं बोलला होता, "विमान एकच आहे. एका वेळी एकच पोरगं शिकतं. जेवढं उडेल तेवढ्याचे पैसे द्यायचे. पण दर वेळी पाळी यायला वेळ लागतो. सगळं पुरं व्हायला चार वर्षंसुद्धा लागतील. घाई असेल तर येऊ नका." बारकीने त्या क्लबावर तिथल्या तिथे काट मारली होती.

"चला, बघून घ्या विमान," टायवाला शेवटी उठला.

पत्र्याची मोठी शेड होती आणि कॉलेजची विमानं एकूण तीन. एकावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर पारव्यांनी केलेली घाण होती. दुसऱ्याचं नाक उघडं होतं आणि आत इंजिन नव्हतं. "सर्व्हिसिंगला गेलंय," टायवाला म्हणाला. तिसरं विमान तेवढ्यात समोर उतरून शेडपाशी आलं. छोटंसं, पांढरं, पंखाखाली निळा पट्टा असलेलं. बारकी ते बघताना श्वास घ्यायचंही विसरली. मास्तर विमानाकडे बघत नव्हते. त्यातून उतरणाऱ्या माणसांकडे बघत होते. पुढून शिकवणारा कॅप्टन आणि एक मुलगा उतरला. मागून आणखी दोन मुलगे उतरले, एक जांभई देत.

"हे मागचे दोघं?"

"विद्यार्थीच आहेत. तिघांच्याही नावावर हा तास लागला."

"चालवलं एकानं आणि तास तिघांचा?"

"सर, मागे बसून बघणं हेसुद्धा शिक्षणच असतं."

हे वाक्य मास्तरांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. आदल्याच सकाळी त्यांनी ते एका नर्सबाईंना ऐकवलं होतं. रात्रपाळी करून आलेल्या त्या बाई रडकुंडीला येऊन म्हणत होत्या, की मास्तर, आठवडा झाला मी मागेच बसतेय. मालकाचा हुकूम होता, की एका फेरीत तीन शिकाऊ घ्यायचे, एक पुढे, दोन मागे, आणि तास तिघांचा लावायचा. मास्तर हुकूम पाळत होते. पाळता पाळता ते वाक्य त्यांना खरं वाटायला लागलं होतं.

"आणि काळजी अजिबात करू नका," टायवाला म्हणाला. "शेवटपर्यंत कंट्रोल आमच्या कॅप्टनच्याच हातात असतो. मुलीच्या केसालाही धक्का लागणार नाही. तुम्ही काय करता, सर?"

"मोटार ट्रेनिंग."

टायवाल्याचा चेहरा एकदम खुलला. त्याने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "अहो, मग आधी सांगायचं ना! तुम्ही तर आमच्याच लाइनीतले. तुम्हाला मी वेगळं काय समजावणार? आपल्या माणसाला आपण कमी करून देऊ."

आणि त्याने खरोखरच कमी करून दिलं. इतकं कमी, की मास्तरांनी स्वतःच्या गाडीसाठी आणि स्वतःच्या स्कूलच्या बोर्डासाठी बाजूला टाकलेल्या पैशात ते बसत होतं. बारकीने त्यांचा हात दाबला. "बाबा, परवडतंय," ती कुजबुजली.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाची टाय धरून त्याला त्या इंजिन नसलेल्या विमानात कोंबावं असं त्यांना वाटलं. पण बोलायला तोंड उघडलं आणि काहीच सुचेना. चोर म्हणावं, तर चोराने आत्ताच पाठीवर थाप मारून त्यांना भाऊबंद ठरवलं होतं. ते मूग गिळून शेडबाहेर आले.

बाहेर बारकीच्या मामाची गाडी उभी होती. मेहुण्याने ती एका अटीवर दिली होती, बारकीने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. वर्षापूर्वी नवंकोरं लायसन्स घेऊन तिने ती मामाच्याच फाटकावर घातली होती.

"नाही," मास्तर गाडीजवळ पोहोचताच म्हणाले.

"काय नाही?"

"इथं शिकायचं नाही. चोर आहेत हे. दीडशे लोकांना घेऊन उडायचंय तुला, आणि हे तुला मागं बसवून तास लावणार? उद्या कॅप्टनला चक्कर आली तर तू काय करशील? मागं बसून काय बघितलं ते आठवशील?"

"दुसरं कुठं परवडतंय आपल्याला?" बारकीचा आवाज चढला. "काचवाल्यांकडे? तिथं तुम्ही स्वतःला तारण ठेवत होतात. मी मागं बसेन, डोळे फाडून बघेन, जमेल तसं शिकेन. निदान विमानात तरी असेन ना."

"माझ्यासमोर त्या चोराची बाजू घेऊ नकोस."

"आणि तुमच्या गाडीत काय असतं, बाबा? मागं दोघं नसतात?"

"ती मोटार आहे. हे विमान आहे."

"मोटारीनं माणूस मरत नाही?"

मास्तर गाडीच्या दाराकडे वळले. बारकीचं मात्र झालं नव्हतं. "मामाच्या फाटकावर गाडी ठोकली, तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की मामाचा ब्रेक ढिला होता. ब्रेक ढिला नव्हता. मी दाबलाच नव्हता. मला वाटलं, थांबेल. तुमच्याबरोबर शिकताना थांबायचीच ना गाडी. फाटक जवळ येत होतं आणि मी वाट बघत होते, की आता कुणीतरी थांबवेल."

वर्षभर हे तिने पोटात ठेवलं होतं. मास्तरांचा चेहरा उतरला आणि मग लालबुंद झाला. आता तो राग कुणावर होता, टायवाल्यावर, मालकावर, पोरीवर की स्वतःवर, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि बॉनेटवर आदळली.

"चालव."

"मामा म्हणाला होता—"

"मामाला घाल चुलीत. चालव म्हणतो ना."

बारकीही त्यांचीच मुलगी. तिने किल्ली उचलली, दार आपटलं आणि गाडी अशी काढली की खडी उडाली. मास्तर शेजारी बसले. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना गोदामं आणि टायरची दुकानं होती. बारकी चांगली चालवत होती, पण रागाने चालवत होती, आणि रागाने चालवणारा माणूस समोर कमी बघतो, हे मास्तर रोज शिकाऊंना सांगत. आत्ता सांगायची सोय नव्हती.

पुढे एक रंगारी खांद्यावर शिडी अडकवून सायकलवर चालला होता. काय मनात आलं कुणास ठाऊक, हात न दाखवता तो एकदम वळला. शिडी रस्त्यावर आडवी झाली.

मास्तरांचा पाय दाबला गेला. पायाखाली रबराची चटई होती. त्यांनी आणखी जोर लावला. चटईची वळकटी झाली आणि बूट पत्र्यावर आपटला, गाडी तशीच पुढे चालली होती. आपली पोरगी आता वाट बघत बसणार, आणि आपण काहीच करू शकत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं.

टायर किंचाळले. गाडी हिसका देऊन थांबली आणि बंद पडली. शिडीचं टोक काचेसमोर डुलत होतं. रंगाऱ्याने वळून पाहिलं, बारकीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पेडल मारत निघून गेला.

बराच वेळ दोघंही शिडी होती त्या जागेकडे बघत राहिले.

"तुम्ही दाबलात?" बारकीने विचारलं.

"इथं ब्रेक नाही, बाळा."

तिने वाकून त्यांच्या पायाशी पाहिलं. गोळा झालेली चटई पाहिली. मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं. तो अजून ब्रेकवर होता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तिने गाडी सुरू केली, कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"क्लबात फोन करते," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"मी करतो."

"नको. मीच करते." तिने डोकं वर केलं तेव्हा डोळे भरलेले होते, पण आवाज संतापलेला होता. "चार वर्षं, बाबा. ती काचवाल्यांकडची पोरं दीड वर्षात उडायला लागतील. त्यांना काय माझ्यापेक्षा जास्त येतं? काही नाही. बापाकडे पैसे आहेत, एवढंच. मला इतका राग येतोय."

उगीच समजूत घालावी असं मास्तरांना वाटलं नाही. "मलाही येतोय," ते म्हणाले.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं. फोनवर कॅप्टन पुन्हा खेकसला होता, पण बारकीचं नाव पाळीला लागलं होतं. तोपर्यंत ती दुपारची कुठेतरी नोकरी बघणार होती.

"म्हणजे चार वर्षं थोडे थोडे पैसे जात राहणार," बायको म्हणाली. "मग तुमचा बोर्ड?"

"राहिला बोर्ड."

तिने पुढ्यातली ताटं गोळा केली. मग म्हणाली, "बरंच झालं. त्यावर नाव कुणाचं घालायचं, यावरून आपलं भांडण जन्मात मिटलं नसतं." आणि उठून आत गेली. आतून बराच वेळ भांडी जरा जास्तच आपटल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले, तेव्हा ट्रेनिंग स्कूलच्या दारासमोर फूटपाथवर गाडीची मागची सीट ठेवलेली होती. मास्तर हातात पाना घेऊन गाडीतले नटबोल्ट एका डबीत भरत होते.

"हे काय?"

"सीट."

"ते दिसतंय मला. काढली कशाला?"

"यापुढं मागं कुणी बसणार नाही. एका वेळी एक."

मालकांनी आधी हसून बघितलं, मग आवाज चढवून बघितला. पेट्रोल कुणाचा बाप देणार, असं विचारलं. सीट आत्ताच्या आत्ता परत लाव, असं सांगितलं. मास्तरांनी डबीचं झाकण घट्ट लावलं आणि डबी स्वतःच्या खिशात टाकली.

"महिनाअखेरपर्यंत दुसरा मास्तर बघतो मी," मालक म्हणाले.

"बघा. तोवरचे तास मी असेच घेणार."

नर्सबाई येऊन उभ्या होत्या. सवयीने त्यांनी मागचं दार उघडलं, आत नुसता पत्रा बघून त्या गोंधळल्या. मास्तरांनी पुढचं दार उघडून दिलं. त्या स्टिअरिंगवर बसल्या, पट्टा लावला, आरसा हलवला, आणि मग त्यांची नजर मास्तरांच्या पायांकडे गेली. मास्तरांनी दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेतले होते.

"मास्तर, तुमचा पाय?"

"तुमचा ब्रेक तुमच्या पायाखाली आहे, बाई. पहिल्या गिअरमध्ये सावकाश जाऊ या. गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर चला."

गाडी आचके देत निघाली, बंद पडली, पुन्हा निघाली. सीटखाली मास्तरांचा उजवा पाय पुढे यायला धडपडत होता. त्यांनी डाव्या पायाने तो दाबून धरला. मागे सीट नसल्यामुळे मागच्या काचेतून फूटपाथ सगळा दिसत होता. तिथे बाकीचे दोन शिकाऊ त्या सीटवर शेजारी शेजारी बसून आपल्या पाळीची वाट बघत होते.