आगीत पिकलेला रंग

मित्रांनो, मोटरसायकलच्या मागच्या चाकाशेजारी जे लांबट नळकांडे आडवे बसवलेले असते, ते मी. मला सायलेन्सर म्हणतात. आता मी म्हातारा झालो आहे. अंगावर काळा रंग आहे आणि पोटाशी जोडाची एक जाड खूण आहे. तो रंग माझ्या अंगावर कसा चढला, ते आठवले की मी अजूनही थक्क होतो.

मी जन्मलो तेव्हा काळा नव्हतो. एका कारखान्यात सपाट पत्रा वळवून मला गोल केले. माझ्या पोटात भोके पाडलेले पडदे बसवले. शेवटी मला मुलाम्याच्या हौदात बुडवून वर काढले, तेव्हा माझ्या अंगात समोरच्या कामगाराचे नाक केवढेतरी मोठे दिसत होते. तो स्वतःलाच हसला आणि त्याने मला पुढे ढकलले.

पहिल्यांदा इंजिन सुरू झाले, तो क्षण मी विसरणार नाही. केवढी आग! केवढा धडाका! इंजिनात एकामागून एक स्फोट होत होते आणि प्रत्येक स्फोट धावत माझ्या पोटात शिरत होता. आत येताना तो वाघ असे. माझ्या पडद्यांतून ठेचकाळत बाहेर पडेपर्यंत त्याचे मांजर झालेले असे. हे माझ्या हातून होते, याचेच मला नवल वाटे.

दोन मालक झाले आणि मग मी आलो माझ्या मालकिणीकडे. ती औषधाच्या दुकानातून आजारी माणसांच्या घरी औषधे पोचवण्याचे काम करी. लहानपणी एका तापात तिचे दोन्ही कान गेले होते. ती समोरच्याचे ओठ पाहून बोलणे समजून घेई आणि स्वतः थोडेसेच, एका सुरात बोले. नवरा दूर रस्त्याच्या कामावर होता, महिन्यामहिन्याने घरी येई. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हते आणि सुनेला ऐकू येत नव्हते, म्हणून या घरात भांडण होत नाही, असे शेजारी म्हणत. शेजाऱ्यांना काय ठाऊक! दोघी हातांनी भांडत. असे हातवारे, अशा भुवया, की मधून जाणारे मांजरही थबके. आवाज मात्र टाचणी पडल्याइतकाही नाही.

मित्रांनो, ऐकू न येणारी बाई मोटरसायकल चालवते कशी, असे मलाही वाटले होते. पण तिने टाकीवर तळवा ठेवला आणि गाडी सुरू केली. तळव्यातून, तळपायातून तिला इंजिन कळत होते. गिअर कधी बदलायचा, इंजिन कधी दमले, तेल कधी कमी झाले, सगळे. कान असलेल्या माझ्या आधीच्या दोन्ही मालकांना हे कधी कळले नव्हते.

पण एक गोष्ट तळव्याला कळत नाही. तीच आमच्या मुळावर आली.

औषधांच्या फेऱ्या जवळजवळच्या. या गल्लीतून त्या गल्लीत. मी नीट तापायच्या आधीच इंजिन बंद होई. आगीबरोबर थोडी वाफही माझ्यात येते. मी चांगला तापलो तर ती उडून जाते, नाहीतर पाणी होऊन पोटात साचते. त्या पाण्याने मला आतून खाल्ले. बाहेरून मुलामा फुगला, त्याचे पोपडे निघाले आणि एक दिवस माझ्या खालच्या बाजूला भोक पडले. आता वाघ वाघाच्याच रूपात बाहेर पडू लागला. रस्त्यावरची माणसे कानांवर हात ठेवू लागली. हा आवाज हवेत जातो, टाकीत येत नाही. मालकिणीला कसे कळावे? ती त्यांच्याकडे पाहून ओळखीचे हसे.

एका घरी अपुऱ्या दिवसांचे बाळ होते. त्याच्या औषधाचे थेंब घेऊन आम्ही दारात थांबलो. बाळाचा बाप धावत बाहेर आला. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. त्याने ओठांवर बोट ठेवले आणि दोन्ही हात जोडले. मालकिणीला वाटले, बाळ गेले.

"बाळ?" तिने विचारले.

"बाळ बरं आहे हो," तो ओठ सावकाश हलवत म्हणाला. "पण तुमच्या गाडीनं दचकतंय. दचकलं की निळं पडतं. कृपा करा, गाडी लांब लावा."

"आवाज?" ती म्हणाली. "माझा?"

त्याने मान खाली घातली. तिने मला गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेले, मग दुकानापर्यंतही ढकलतच नेले. इंजिन सुरू केले नाही.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. "मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "तीन घरांतून तक्रार आली आहे. आजारी माणसांची घरं आहेत ती. गाडी गप्प होत असेल तर ये, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

घरी आल्यावर ती सासूबाईंसमोर उभी राहिली. "तुम्ही का नाही सांगितलं?"

सासूबाईंची जीभ आयुष्यात पहिल्यांदा अडखळली असेल. "हळूहळू वाढला गं. सवय झाली मला. आणि तुला कसं सांगायचं, तेच सुचेना."

नवा सायलेन्सर इतका महाग की त्याचे नावही काढायची सोय नव्हती. तिने मला वेल्डरकडे नेले. त्याने भोकावर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि निळ्या ठिणग्यांच्या पावसात तो माझ्या अंगाशी एक करून टाकला. लोखंड पाण्यासारखे वाहते आणि पुन्हा लोखंड होते, हे मी माझ्याच पोटावर पाहिले. "भोक बुजलं," तो आपल्या ओठांकडे बोट दाखवत म्हणाला, "पण रंग दे. उघडं ठेवलंस तर हा जोडच आधी गंजेल."

फाटकाला लावून उरलेला रंग घरात होता. हिरवा. सासूबाई म्हणाल्या, "आहे तोच लावू. फुकटचा." दोघींनी मिळून मला हिरवेगार केले. संध्याकाळी मी पोपटासारखा दिसत होतो आणि सासूबाई येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून दाखवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तापलो आणि पोपट भाजला. रंगाला फोड आले, ते फुटले, काळा धूर निघाला. जळक्या रंगाचा वास औषधांच्या पिशव्यांत शिरला. दुकानदाराने पिशवी नाकाशी नेली आणि परत खाली ठेवली. "सोमवारी शेवटचं बघू," एवढेच म्हणाला.

मालकीण रंगाच्या दुकानात गेली. तिथल्या बाईने तिला आगीला टिकणारा काळा रंग दाखवला. दाबले की फवारा उडणारा डबा होता. "हा तापल्याशिवाय पक्काच होत नाही," ती म्हणाली. "तापेल तेवढा घट्ट होतो." मालकिणीने तिला ते पुन्हा म्हणायला लावले. मीही दाराशी उभा राहून ऐकत होतो. ज्या आगीने मघाशी रंग जाळला, तीच आग दुसऱ्या रंगाला पिकवते? मला खरे वाटेना.

एकच डबा घेता आला. चुकले तर दुसरा नव्हता.

शनिवारी तिने माझ्या गंजलेल्या नटांवर तेल सोडले आणि रविवारी सकाळी मला गाडीपासून सोडवले. तारेच्या ब्रशने हिरवी कातडी निघाली, गंज निघाला. मग ती पॉलिश पेपर घेऊन माझ्या वरच्या बाजूकडे वळली. तिथे अजून थोडा मुलामा शिल्लक होता. थोडी चमक होती. मित्रांनो, मला वाटले, एवढी तरी ठेवेल. पण गुळगुळीत अंगावर रंग धरत नाही. तिने एकदा त्या चमकेत स्वतःचा चेहरा पाहिला, कपाळावरची बट मागे सारली आणि घासायला सुरुवात केली. मी करडा झालो, खरखरीत झालो. पुन्हा पत्रा झालो.

मला साबणाने धुतले, थिनरने पुसले, उन्हात वाळवले. नंतर बोटांचा तेलकटपणा लागू नये म्हणून तिने हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, माझ्या दोन्ही तोंडांत कागदाचे बोळे कोंबले आणि मला परसातल्या कपड्यांच्या तारेला टांगले. वारा होता. सासूबाई जुनी चादर धरून वाऱ्याच्या आड उभ्या राहिल्या. दोघींच्या नाकांवर ओढण्या. सासूबाईंची बडबड ओढणीमागून चालूच होती.

डब्यात एक गोळी असते. ती रंगातून सुटून खडखडेपर्यंत डबा हलवायचा. मालकिणीला खडखड ऐकू येणार नव्हती. तिने डोळे मिटले, मनगट हलवत राहिली आणि मग एकदम डोळे उघडले. गोळी सुटल्याचे तिला हाडात कळले होते. वेल्डर, रंगवाली, कारखाना, सगळे मी पाहिले. पण त्या मनगटाइतके आश्चर्य मला कशाचेच वाटले नाही.

तिने फवारा माझ्या पोटाखाली धरला, त्या जोडावर.

सासूबाईंनी चादर झटकून तिचे लक्ष वेधले. "अगं, लोकांना दिसेल ती बाजू आधी कर की! डबा संपला तर?"

"पाणी खाली साचतं," मालकीण म्हणाली.

रंगाचा पहिला हात इतका पातळ होता की मी धुक्यात उभा असल्यासारखा दिसत होतो. थांबली. वाळू दिला. दुसरा हात. पुन्हा थांबली. तिसऱ्या हाताला डबा हलका झाला, फवारा तुटक येऊ लागला आणि माझ्या बाहेरच्या बाजूला, अगदी रस्त्यावरून दिसेल तिथे, तळहाताएवढी जागा विरळच राहिली. तिने रिकामा डबा खाली ठेवला आणि खांदे उडवले.

मग आला आगीचा फेरा. मला गाडीला बसवले, इंजिन सुरू केले. थोडा वेळच. बंद. गार होऊ दिले. पुन्हा सुरू, यावेळी जास्त वेळ. आणि माझ्या सर्वांगातून पांढरा धूर निघू लागला.

"जळलं! परत जळलं!" सासूबाई किंचाळल्या आणि नळाखालची भरलेली बादली उचलून धावल्या. मालकीण माझ्यासमोर उकिडवी बसली होती, तिची पाठ त्यांच्याकडे. ओरडण्याचा उपयोग नव्हता. तापलेल्या अंगावर ते गार पाणी पडले असते तर रंगाची शकले झाली असती. पण फरशीवर पावले धपधपली, ती तिच्या तळपायांना कळली. ती गर्रकन वळली आणि तिने बादलीची कडी धरली. अर्धे पाणी दोघींच्या पायांवर सांडले. माझ्यावर एक थेंबही नाही.

"थांबा," ती म्हणाली. "पिकतोय."

दोघी ओल्या पायांनी, एका बादलीला धरून उभ्या राहिल्या. धूर पातळ झाला. मग विरला. वास गेला. आणि आतून मला जाणवले, ती भुकटीसारखी बसलेली काळी साय माझ्या अंगात रुजत होती, घट्ट होत होती. जन्मभर जी आग मी दुसऱ्यांसाठी गिळली, ती त्या दिवशी माझ्या कामी आली. गार झाल्यावर मालकिणीने नखाने खरवडून पाहिले. नख घसरले.

सोमवारी दुकानदार बाहेर आला, माझ्या मागे उभा राहिला, वाकला, आणि औषधांच्या पिशव्या तिच्या हातात दिल्या. दिवसभर आम्ही गल्ल्यांतून हिंडलो. कुणी कानांवर हात ठेवले नाहीत. कुणी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि त्याचाच आम्हाला केवढा आनंद!

संध्याकाळी घराच्या दाराशी आलो. सासूबाई दाराकडे पाठ करून शेजारणीला रंगाची हकिगत सांगण्यात दंग होत्या. मालकिणीने इंजिन बंद केले, हळूच जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं बाई!" सासूबाई उडाल्याच. "केव्हा आलीस? मेली गाडी ऐकूसुद्धा नाही आली!"

मालकीण त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली आणि एकदम हसत सुटली. पोट धरून, भिंतीला टेकून, मोठ्याने हसली. लहानपणापासून माणसे तिच्या मागून येत आणि ती दचके. आज पहिल्यांदा ती कुणाच्या तरी मागून, चाहूल न लागता आली होती. हे सासूबाईंच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. आले, तेव्हा त्यांनी पदराने आधी तिचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर कधीतरी वाकून तिच्या पोटाखाली पाहा. ओल असेल तर पुसा, गंज दिसला तर भोक पडायची वाट पाहू नका. वेळेवर दिलेला रंगाचा एक पातळ हात आम्हाला कितीतरी वर्षे पुरतो. फक्त इंजिन निवल्यावरच हात लावा. नाहीतर बोट पोळेल तुमचे आणि शिव्या खाईन मी.