अक्षतेचा एक दाणा

मित्रांनो, मी एक जुनी पारदर्शक पेटी आहे. मला बघून कुणी "वा!" म्हणत नाही, तरी माझं काम मी मान ताठ ठेवून सांगणार आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत मी राहते. तिथे पांढऱ्या उंदरांवर नवी औषधं तपासतात. प्रयोग संपला, किंवा एखादा उंदीर बरा न होण्याइतका आजारी पडला, की त्याला माझ्यात ठेवतात. नळीतून हळूहळू वायू येतो, उंदराला गुंगी येते आणि त्या गुंगीतच त्याचा जीव जातो. दचकलात? दचका, पण पुढचंही ऐका.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात झाला. कारागिराने माझ्या कडा घासून घासून इतक्या गुळगुळीत केल्या, की मग स्वतःच त्यांवर बोट फिरवत बसला. झाकणाच्या खाचेत त्याने रबराची पट्टी बसवली. ती नीट बसली तरच वायू आत साठतो. गळला, तर आतला जीव लवकर बेशुद्ध होत नाही, धापा टाकत राहतो. माझी सगळी अब्रू त्या पट्टीत आहे.

प्रयोगशाळेत मला मारुतीदादा भेटले. ते खडवलीहून येतात, उंदरांना रोज दाणापाणी घालतात आणि प्रत्येक कामानंतर मला कोमट पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसतात. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा माझं कौतुक केलं, तेव्हा मी जराशी फुगलेच. पण एरवी? पाहुणे आले की त्यांना सूक्ष्मदर्शक दाखवतात आणि माझ्यापुढे पडदा ओढतात. दसऱ्याला वजनकाट्यालासुद्धा झेंडूची माळ, मी मात्र कोरडी! मला फार वाईट वाटायचं.

यंदा मारुतीदादांनी पडदा सारला. "हिनं काय कमी काम केलंय?" असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं, कुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. मला कोण आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी गाठींनी बेजार झालेले तीन उंदीर माझ्याकडे यायचे होते. मारुतीदादांनी फूल काढून मला पुसलं. पशुवैद्य देवयानीमॅडमनी नेहमीप्रमाणे मला आधी रिकामी चालवायला घेतलं.

"मॅडम, आज राहू दे ना," संशोधक सुशांत म्हणाला. "परवाच तर चेक केलेली. पिंजरा बाहेर आणलाय, ते बिचारे उगाच घाबरतायत."

"पिंजऱ्यावर कापड टाक," मॅडम म्हणाल्या. "रिकामी चालवल्याशिवाय एकही उंदीर आत जाणार नाही."

वायू सुरू झाला. मॅडमनी झाकणाच्या कडेने साबणाचं पाणी फिरवलं. एका कोपऱ्यात भराभर फुगे येऊ लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वायू बंद करून मॅडमनी पट्टी उचलली, तर खाचेत अक्षतेचा एक दाणा, कुंकवाने लाल झालेला.

मारुतीदादांचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, माज्याच हातचा हाय हा. मी ह्यांना वाढवलं, आन् मीच ह्यांचे हाल केले असते."

"नाही झाले ना, मारुतीदादा? यासाठीच तर आधी बघायचं."

दाणा निघाला. पट्टी धुऊन पुन्हा बसवली, पुन्हा साबणाचं पाणी फिरवलं. एकही फुगा आला नाही. मग उंदीर आले. मारुतीदादा शेवटपर्यंत माझ्याशेजारी उभे होते. तिघे एकमेकांना बिलगले, जरा हुंगत राहिले आणि हळूच कलंडले. कुणी तडफडलं नाही. मला एवढा अभिमान त्या कुंकवाचाही वाटला नव्हता.

मित्रांनो, जिच्याकडे बघायला कुणाला आवडत नाही अशी एखादी कामाची वस्तू तुमच्याही आसपास असेल. तिला नुसतं पुसू नका, तिच्या खाचाही बघा. आणि दसऱ्याला माझ्याकडे आलात, तर माळ पडद्याच्या दांडीला घाला. माझ्या कडेने साबणाचं पाणी फिरवा आणि फुगा येत नाही ना, ते नीट बघा. माझी पूजा तीच.