अकरावरून दोन

“हनुवटी थोडी वर, बाबा. आणि जरा हसा. पासपोर्टचा फोटो नाहीये हा.”

सुपरवायझर भिंतीपाशी उभे होते. वर कोट, खाली घरातला पायजमा. फोटो छातीपर्यंतच येणार होता. चौथ्या खेपेला लेकीला हवं तसं हसू सापडलं आणि तिने तो फोटो त्यांच्या नव्या प्रोफाइलवर चढवला.

पंपांचा कारखाना बंद होऊन पाच महिने झाले होते. एकाच शेडमध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाला अर्ज कसा करतात हेही आठवत नव्हतं. आता कंपन्या आधी इंटरनेटवर माणसाचं पान बघतात आणि मग फोन करतात, असं लेकीचं म्हणणं. म्हणून सुट्टीची सगळी सकाळ ती लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसली होती.

“नुसतं ‘सुपरवायझर, बावीस वर्षं’ लिहिलं तर कोण विचारणार? तुमच्यामुळे काय बदललं ते सांगा. आकड्यात.”

“काम केलं गं. बदलायचंय काय त्यात.”

“काहीतरी असेलच ना.”

कीबोर्डवर बोटं ठेवून ती वाट बघत होती. तिच्याकडे बघून सुपरवायझरांना ‘काही नाही’ म्हणवेना.

“ते फिक्स्चरचं लिही,” ते म्हणाले. “पंपाचं झाकण मशीनवर नीट धरलं जायचं नाही. शंभरात अकरा झाकणं भंगारात जायची. वेगळी पकड बनवली, मग दोनच जायला लागली.”

“कुणी बनवली? तुम्ही?”

त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

“हो.”

पकड बनवली होती उस्तादने. उस्ताद त्यांच्या हाताखालचा टर्नर. सगळी शेड त्याला त्याच नावाने हाक मारायची. जेवणाच्या सुट्टीत भंगारातले तुकडे जुळवत त्याने आठवडाभर खटपट केली आणि तयार झालेली वस्तू सुपरवायझरांच्या टेबलावर आणून ठेवली. वर पाठवायच्या कागदावर सही सुपरवायझरांची होती. पुढे मॅनेजरांनी भर बैठकीत त्यांचीच पाठ थोपटली, तेव्हा मागच्या रांगेत उस्तादनेही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवशी सांगायचं राहून गेलं, आणि मग राहूनच गेलं.

लेकीने ते वाक्य पानावर सगळ्यात वर घेतलं. एवढ्यावर न थांबता तिने स्वतःच्या पानावरही बाबांचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, ‘माझ्या बाबांनी हे केलंय आणि मला आज कळतंय.’ संध्याकाळपर्यंत तिच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी अभिनंदन केलं. ती एकेक वाचून दाखवत होती आणि सुपरवायझर पेपरात डोकं घालून नुसतं “हं” म्हणत होते.

तीन दिवसांनी एका कंपनीचा फोन आला. सोमवारी मुलाखत. फिक्स्चरबद्दल आमच्या इंजिनिअरांना ऐकायचंय, असं पलीकडचा माणूस आवर्जून म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी उस्तादचा निरोप आला.

‘साहेब, नमस्कार. सूनबाईने माझंही पान काढून दिलंय. ती म्हणते, साहेबांनी चार ओळींची शिफारस लिहिली तर वजन पडतं. सवडीने लिहा. तुमचं पान वाचलं. फोटो छान आलाय.’

सुपरवायझरांनी तो निरोप तीनदा वाचला. टोमणा कुठे आहे ते शोधत होते. सापडला नाही. मग त्यांनी उस्तादचं पान उघडलं. ‘टर्नर. लेथचं सगळं काम येतं.’ एवढंच होतं. फिक्स्चरचा उल्लेख नव्हता.

दोन बोटांनी टाइप करत त्यांनी शिफारस लिहिली. पकड कुणाच्या डोक्यातून आली, कुणी बनवली, अकरावरून दोन कुणामुळे झाले, सगळं लिहिलं. स्वतःच्या पानावर काय आहे याचा विचार मनात यायच्या आत पाठवूनही दिली.

दहा मिनिटांत फोन वाजला.

“साहेब, फार चांगलं लिहिलंत,” उस्ताद म्हणाला. “फक्त ते फिक्स्चरचं काढून टाका.”

“का?”

“तुमच्याकडेही तेच आहे ना. कुणी दोन्ही पानं बघितली तर तुमची पंचाईत व्हायची. कुठून बोलावणं आलंय का?”

“सोमवारी आहे.”

“मग तर काढाच. माझं काय, वेळेवर येतो, मशीन स्वच्छ ठेवतो, असं लिहा. तेवढं पुरे.”

तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून सुपरवायझरांनी घसा साफ केला, पण तोवर उस्तादने “ठेवतो, साहेब” म्हणून फोन ठेवला होता.

लेक ऑफिसातून आली तेव्हा ते दाराशीच उभे होते. तिने खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती.

“पानावरचं पहिलं वाक्य काढ,” ते म्हणाले. “ते माझं काम नव्हतं. उस्तादचं होतं. त्याच्या पानावर मी तसं लिहिलंय, ते तसंच राहील.”

“आणि सोमवारी?”

“जाईन. विचारलं तर कुणाचं ते सांगेन.”

तिने बॅग खाली ठेवली. लॅपटॉप उघडून तिने ते वाक्य पुसलं. मग स्वतःचं पान उघडलं. बाबांच्या फोटोखाली स्वतःच लिहिलेली ओळ एकदा वाचली आणि ती फोटोसकट काढून टाकली. हे करताना तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. सुपरवायझर मात्र शेवटपर्यंत बघत राहिले.

“बाकीचं खरं आहे ना, बाबा?”

आवाज चढलेला नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले.

“वरपासून वाच,” ते म्हणाले.