मेलेल्यांचा वाटा

चुंबेनीनं हात वर केला, तिच्या मागच्या बाकांवरचे चाळीस हात वर गेले, आणि चर्चच्या मंडळीची सभा तिथंच संपली. यंदाच्या तोखूच्या सणात जेवणं होतील, घरोघरी डुकराचं मांस वाटलं जाईल, पोरं गाणी म्हणतील, सगळं होईल. फक्त मेलेल्यांचा वाटा कोणी काढायचा नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

म्हणजे बघा, भात कोठारात पडलं की तोखू. आणि त्या वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं असेल त्या घरानं शेवटच्या दिवशी परसात केळीचं पान मांडायचं, भात वाढायचा, मांस वाढायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, जा आता. तोवर ते माणूस गावातच असतं. घरातच असतं. तोखूचं पान जेवलं की मग तियी डोंगराची वाट धरतं आणि परत येत नाही. आमचं अख्खं गाव बाप्तिस्मा घेतलेलं, रविवारी देवळात बसायला जागा नसते, पण हे पान आजवर गुपचूप मांडलं जायचं आणि जुने पाळक डोळ्यांवर कातडं ओढून बसायचे. नवे पाळक वयानं लहान, स्वभावानं सरळ. ते म्हणाले, चोरून कशाला? योग्य असेल तर उजळ माथ्यानं करा, नसेल तर सोडा. आणि त्यांनी सभा बोलावली.

सभेत मजा पण झाली. रेन्चामो नुकताच धर्मशास्त्र शिकून आलेला, त्याला बोलायची खाज. तो उभा राहून म्हणाला की पंचवीस डिसेंबर तरी शास्त्रात कुठं लिहिलाय, तो म्हणे मुळात परदेशातल्या सूर्याच्या सणाचा दिवस होता असं काही जण सांगतात, मग नाताळ पण बंद करायचा का? मागून कोणीतरी म्हणालं, केक बंद केलात तर अर्धी पोरं मंडळी सोडतील. सगळे हसले. पाळकही हसले, पण मग म्हणाले, तारीख कोणाची होती त्याच्याशी मला देणंघेणं नाही, त्या दिवशी आपण नाव कोणाचं घेतो ते बघायचं. नाताळात प्रभूचं घेतो. या पानावर कोणाचं घेतो?

तेव्हा म्हातारा एरामो उठला. गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू. त्याची बायको ओरेनी फेब्रुवारीत गेली होती.

"परक्यांच्या सूर्याला बाप्तिस्मा चालतो," तो म्हणाला, "आणि माझ्या म्हातारीला साधा निरोप चालत नाही?"

यावर कोणी हसलं नाही. वारं फिरलं होतं, दिसत होतं ते. आणि तेवढ्यात चुंबेनी उठली.

चुंबेनी म्हणजे महिला मंडळाची अध्यक्ष, पंधरा वर्षं. आणि गावात यंदा दोनच माणसं गेली होती, एक ही ओरेनी आणि दुसरा चुंबेनीचा लिजामो. चोवीस वर्षांचा पोरगा, जूनमध्ये घराच्या खांबासाठी झाड तोडायला गेला आणि झाड नको त्या बाजूला पडलं. म्हणजे वाटा काढायचा प्रश्न दोनच घरांचा होता, आणि त्यातल्या एका घरची बाई उठून जुन्या करारातली ओळ वाचायला लागली. पीक देवाला वाहताना माणसानं काय म्हणायचं ते त्यात आहे, की यातलं मी मेलेल्याला काही दिलेलं नाही. तिनं शांतपणे वाचलं, पुस्तक मिटलं, म्हणाली, "माझ्या घरात पान मांडलं जाणार नाही," आणि हात वर केला.

बायका रडल्या. पोटच्या पोराचा वाटा प्रभूसाठी सोडला, केवढा हा विश्वास, असं झालं. पाळकांचेही डोळे भरले. फक्त तिचा नवरा म्होनचुमो तिच्याकडे न बघता बाहेर पडला, आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनासा झाला, कारण त्याला पोराला निरोप द्यायचा होता.

आणि खरं काय होतं माहितीये? विश्वास-बिश्वास काही नाही. चुंबेनीला पोरगा जायला नको होता.

तो घरात होता. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कोणाला? महिला मंडळाच्या अध्यक्षबाईनं? पण जूनपासून तो घरात होता. ती चुलीपाशी बसली की समोरच्या बाजूला कोणीतरी बसल्यासारखी ऊब लागायची. कुत्रं रिकाम्या दाराकडे बघून शेपूट हलवायचं. ती भाजी चिरताना त्याच्याशी मनातल्या मनात बोलायची, आज शेजारच्यांचं डुक्कर आपल्या मळ्यात शिरलं बरं का, आज तुझ्या बापानं चहात मीठ टाकलं. आणि लहानपणी तिच्या आईनं सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं होतं, की तोखूचं पान वाढलं की ते जातात. वाढलंच नाही तर? तर कसा जाईल? उपाशी पोटी घर सोडून जाणारा पोरगा तो नव्हताच.

म्हणून तिनं ती ओळ शोधली. तीन रात्री शोधत होती. शास्त्र उघडून बसलेली बाई बघून नवऱ्याला वाटायचं, बिचारी धीर शोधतेय.

तर तोखू लागला. पूर्वी नऊ दिवस चालायचा म्हणे, आता तीन. पहिल्या दिवशी मांस वाटायचं, आणि त्यातली गंमत अशी, की कोणाला किती तुकडे धाडले त्यावरून नातं कळतं. साध्या ओळखीला सहा. जिवाभावाच्याला बारा, म्हणजे तुझ्या अडीनडीला मी उभा आहे. एरामोच्या घरून चुंबेनीच्या घरी गेली तीस वर्षं बारा तुकडे येत होते. लिजामोला पुरलं तेव्हा खड्डा खणायला पहिला हा सत्तरीचा म्हातारा उभा होता.

त्या दिवशी म्हातारा स्वतः आला. चुलीपाशी बसला. पानात बांधलेलं मांस तिच्या हातात दिलं. चुंबेनीनं पान सोडलं आणि तिचे हात तिथंच थांबले.

सहा होते.

तिनं काळा चहा दिला. म्हाताऱ्यानं घोट घेतला, म्हणाला की पूर्वी तोखूला तांदळाची दारू असायची, आता मंडळीनं चहा केलाय, आमची ओरेनी चहावर समाधान मानणारी बाई नव्हती. चुंबेनीला हसू आलं आणि लगेच गेलं.

मग म्हातारा सांगायला लागला. भांडायला आलो नाही म्हणाला. ओरेनीची कंबर कशी होती ते तुला ठाऊक आहे, शेवटची चार वर्षं उभं राहवत नव्हतं तिला. आणि फेब्रुवारीपासून ती माझ्या अंगणात उभी आहे. रोज सकाळी दार उघडलं की मला जाणवतं, उभी आहे. बस म्हटलं तर बसत नाही, कारण निघायचंय तिला. चुंबेनीनं विचारलं, मग तुम्ही पान मांडा ना, मागच्या अंगणात, कोण बघतंय? म्हातारा म्हणाला, पान मांडेन गं, पाळक मला काय करणार आहेत या वयात. पण एकटी कशी चढेल ती? तियीची चढण आहे. गेलेले एकेकटे जात नाहीत, माझी आई सांगायची, हात धरून जातात, तरणी माणसं म्हाताऱ्यांना ओढून नेतात. यंदा तरणा एकच आहे.

चुंबेनी चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिली, सारायची गरज नसताना.

"इथंच आहे ना तो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

तिनं मान खाली घातली. पाच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

"आपो, मला अजून थोडे दिवस हवेत," ती म्हणाली. आपो म्हणजे बाप, गावात सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणतात, पण ती त्या वेळी लहान पोरीसारखं म्हणाली.

"मला पण हवे होते, पोरी. ओरेनी काय मला जड झालीय? पण दिवस आपण मागायचे आणि उभं त्यांनी राहायचं, हे काही बरं नव्हे."

एवढंच बोलून म्हातारा उठला, गुडघ्यांवर हात टेकत, आणि गेला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चुंबेनीच्या घरात लोक येत होते, वाटे येत होते, बांबूच्या कोंबातलं मांस शिजत होतं, ती वाढत होती. पण समोरच्या बाजूची ती ऊब आता तिला नीट घेता येईना. बसलाय की उभा आहे, हेच तिला कळेना. इतके दिवस ती धरून चालली होती की बसलाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी महिला मंडळाची प्रार्थना होती. चुंबेनी पुढं गेली आणि शास्त्र न उघडताच म्हणाली की मी त्या दिवशी वाचलेली ओळ खरी आहे, पण मी खोटी आहे. मला पान नको होतं ते प्रभूसाठी नव्हे. पोरगा जाऊ नये म्हणून. तुम्ही जे हात वर केलेत ते माझ्या लबाडीवर केलेत.

आता बायका म्हणजे बायका. चिटणीस वोबेनी, जिची जीभ म्हणजे विळा, ती म्हणाली, म्हणजे आयो, आई म्हणतो तुला, आम्ही अडाणी बायका मेलेल्याला जेवायला घालणार म्हणून तू आम्हाला थांबवलंस, आणि स्वतः त्याला घरात कोंडून ठेवलंस? काही जणी रडल्या, पण सभेत रडल्या तशा नाही. दोघी उठून गेल्या. चुंबेनीनं अध्यक्षपदाची वही टेबलावर ठेवली आणि कोणी ती परत तिच्या हातात दिली नाही.

पाळक बाहेर ऐकत उभे होते. चुंबेनी त्यांच्यासमोर जाऊन थांबली, शिक्षेला थांबावं तशी. ते मग म्हणाले की सभेचा निर्णय मी एका सकाळीत फिरवू शकत नाही, आणि आयो, मला अजूनही ते पान बरोबर वाटत नाही, तुमचा लिजामो प्रभूच्या हाती आहे असंच मी मानतो, त्याला तुमच्या भाताची गरज नाही. ती म्हणाली, मीही तसंच मानते, रविवारी. पाळक खाली बघत राहिले. मग म्हणाले, "आज संध्याकाळी मी वोखा शहराला चाललोय. कोणाच्या परसात काय आहे ते मला दिसणार नाही."

संध्याकाळी तिनं केळीचं पान कापलं. घरामागं, डोंगराच्या बाजूला मांडलं. भात, मांस, मिरचीची चटणी, त्याला आवडायची तशी जाळ. म्होनचुमो मागच्या दारात येऊन उभा राहिला. पंधरा दिवस न बोललेला माणूस, आताही बोलला नाही, पण आला. पलीकडच्या अंगणात एरामो दिसत होता, त्याच्याही पायाशी पान होतं. त्यानं इकडं बघून हात वर केला.

नाव घ्यायचं होतं. जूनपासून तिनं ते मोठ्यानं घेतलंच नव्हतं.

"लिजामो," ती म्हणाली. "जेव. आणि मग ओरेनी मावशीकडे जा. तिचा हात धर. तुझ्या चालीनं चालू नकोस, तिच्या चालीनं चाल. तिला दम लागला की थांब. आणि मागं बघू नकोस."

तिनं नवऱ्याकडे बघितलं.

म्होनचुमो पुढं आला. पानाकडे बघून म्हणाला, "वर थंडी असते." तेवढंच.

आता गेलेल्यांकडे घरच्यांनी बघायचं नसतं, पान मांडून पाठ फिरवायची असते. चुंबेनी पाठ फिरवून उभी राहिली. म्होनचुमो मात्र वाटेकडे तोंड करून तसाच. तिनं त्याची बाही ओढली, बघू नये म्हणाली. तो म्हणाला, तू नको बघू, मी काही कधी मंडळाचा अध्यक्ष नव्हतो, मला कोण विचारतंय. आणि बघत राहिला. तियीवरचं ऊन उतरत उतरत नुसत्या माथ्यावर राहिलं.

"दिसतो का?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. आणि मग जरा वेळानं, "पण म्हातारी हळू चालते ना. असतील अजून खालच्या वळणावर."

मग ती पण आत गेली नाही. तशीच उभी राहिली, डोंगराकडे पाठ करून, त्याच्या खांद्याला खांदा लावून, वळण ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ.